हेल्मेटच्या जाळीवरचा लाल डाग

पत्र

आम्ही डब्लिनजवळ राहतो, दोघंही नोकरी करतो. मुलगी कॉलेजात आहे. मुलगा बारा वर्षांचा, प्रायमरीच्या शेवटच्या वर्गात. सप्टेंबरपासून तो सेकंडरीत जाईल, ती शाळा फक्त मुलग्यांची आहे. गेल्या हॅलोविनला त्याने सोंगासाठी माझी लाल लिपस्टिक घेतली. सोंग संपलं, लिपस्टिक मात्र सुटली नाही. सुट्टीच्या दिवशी घरात लावतो. एकदा तशीच लावून कोपऱ्यावरच्या दुकानात गेला. शेजारचे एक आजोबा त्याला नेहमी गाडी दुरुस्त करताना स्पॅनर धरायला बोलावतात. ते बघून मोठ्याने हसले आणि म्हणाले, ‘द स्टेट ऑफ यू!’, म्हणजे काय हा अवतार तुझा! हाही हसला. पण पुढे बसस्टॉपवर मोठ्या पोरांनी घाण शिवी दिली, एकाने मोबाइलवर शूटिंग केलं. दोन दिवस पोरगा गप्प होता.

तो इथल्या क्लबात हर्लिंग खेळतो, काठीने चेंडू मारायचा आयरिश खेळ. मागच्या आठवड्यात त्याच्या हेल्मेटच्या जाळीला लाल डाग लागलेला कोचने पाहिला. एवढंच म्हणाला, ‘ते पुसून घे, आणि आज तुझ्या माणसाला मोकळा सोडू नकोस.’ याचा अर्थ मी काय घ्यायचा?

मिस्टरांनी माझी लिपस्टिक कचऱ्यात टाकली. म्हणाले, हा देश पोराला नासवतोय, परत पुण्याला जाऊ. ते मूळचे कुडाळचे. तेव्हापासून बाप-लेक एकमेकांशी कामापुरतं बोलतात. सासूबाई म्हणतात, सुट्टीत पुण्याला आणा, अशा मुलांना सरळ करणारे एक डॉक्टर आहेत. जूनमध्ये सासू-सासरे इथेच येणार आहेत. माझा मुलगा गे आहे का? हे आयर्लंडमुळे झालं का? हे लोक हसतात ते मायेने की कुचेष्टेने, दहा वर्षं राहूनही मला ओळखता येत नाही. आणि सासू-सासऱ्यांना मी काय सांगू?

— एक आई

उत्तर

ताई,

आधी त्या डॉक्टरांचं बोलते, कारण त्यात वेळ घालवण्यासारखं काही नाही. मुलाला तिकडे नेऊ नका. बारा वर्षांच्या मुलाने ओठ रंगवले हा आजार नव्हे, आणि पुढेमागे तो गे आहे असं त्याचं त्याला कळलं, तर तोही आजार नव्हे. भारतातल्या मानसोपचारतज्ज्ञांच्या संघटनेने, म्हणजे इंडियन सायकिअॅट्रिक सोसायटीने, हे २०१८ मध्येच जाहीरपणे सांगितलंय. ‘सरळ करण्याचे’ उपचार देणं हे डॉक्टरचं गैरवर्तन आहे, असं नॅशनल मेडिकल कमिशनने २०२२ मध्ये ठरवलंय. म्हणजे अशी हमी देणारा माणूस आपल्याच व्यवसायाचा नियम मोडतोय. सासूबाईंना हे एकदाच, पण ठामपणे सांगा. नातवावर त्यांचा जीव आहे, म्हणूनच त्या घाबरल्या आहेत. पण त्यांच्या भीतीचा भुर्दंड मुलाने का भरायचा?

तो गे आहे का, हे मला सांगता येणार नाही. तुम्हालाही येणार नाही, आणि कदाचित त्यालाही अजून नाही. लिपस्टिकवरून ते कळत नसतं. बारा वर्षांच्या मुलाला लाल रंग नुसता आवडू शकतो. आरशात वेगळाच कुणीतरी दिसतो त्याची गंमत वाटू शकते. नाटकाचं वेड असू शकतं. सगळे ‘नको’ म्हणतात म्हणून ‘हवंच’ असंही असू शकतं. आणि हो, याच्या तळाशी स्वतःबद्दलचं काहीतरी खोल, अजून शब्दांत न आलेलंही असू शकतं. ते तसं असेल तर तो सांगेल. कधी सांगेल ते त्याच्या हातात आणि सांगावंसं वाटेल असं घर ठेवणं तुमच्या. आत्ता त्याला ‘तू तसला आहेस का?’ असं विचारू नका, आणि बहिणीकडून काढूनही घेऊ नका. मात्र झोप उडाली, जेवण तुटलं, शाळेत जायला नको म्हणू लागला, स्वतःचं शरीर आवडत नाही असं वारंवार बोलू लागला, तर तुमच्या जीपीकडे, म्हणजे फॅमिली डॉक्टरकडे जा. लिपस्टिकसाठी नाही, त्याला होणाऱ्या त्रासासाठी.

आता आयर्लंड. मी इथल्या कॉर्क शहरात एका मुलग्यांच्या शाळेत बरीच वर्षं समुपदेशक होते, त्यामुळे तुमच्या मिस्टरांच्या वाक्याला उत्तर द्यायची मला मनापासून इच्छा आहे. हा देश पहिल्यापासून सैल होता आणि म्हणून आपली पोरं बिघडतात, असं त्यांना वाटत असेल तर इतिहास अगदी उलटा आहे. इंग्रजांनी आपल्याला १८६० मध्ये समलिंगी संबंधांना गुन्हा ठरवणारं कलम ३७७ दिलं, आणि १८६१ मध्ये आयर्लंडलाही तसलाच कायदा. १९२२ मध्ये इंग्रज गेले, कायदा राहिला, तो थेट १९९३ पर्यंत. डब्लिनच्या ट्रिनिटी कॉलेजात शिकवणारे डेव्हिड नॉरिस त्यासाठी युरोपच्या मानवी हक्क न्यायालयापर्यंत गेले आणि १९८८ मध्ये जिंकले, तरीही पुढे पाच वर्षं लागली. शाळांमधली छडी १९८२ मध्ये बंद झाली. त्याच वर्षी सप्टेंबरमध्ये डब्लिनच्या फेअरव्ह्यू पार्कमध्ये डेक्लन फ्लिन नावाच्या तरुणाला गे समजून पोरांच्या टोळक्याने मारहाण करून ठार केलं. मार्च १९८३ मध्ये न्यायाधीशांनी त्या पोरांची शिक्षा स्थगित केली, ती घरी गेली. त्यानंतर लोक मोर्चा काढून त्या पार्कपर्यंत चालत गेले. याच देशाने २२ मे २०१५ रोजी सार्वमत घेऊन समलिंगी विवाहाला ६२ टक्क्यांनी होकार दिला. जगात जनतेच्या मताने असं करणारा हा पहिला देश. ते मत देणाऱ्यांत फेअरव्ह्यूच्या काळात तरुण असलेले, छडी खाऊन मोठे झालेले, रविवारी चर्चला जाणारे कितीतरी आजी-आजोबा होते. तुमचे स्पॅनरवाले शेजारी त्याच पिढीचे असणार. त्यांच्याबद्दल पुढे बोलते.

मुलग्यांनी मुलीसारखं नटणंही इथे कुणी परवा आणलेलं नाही. आयर्लंडच्या पश्चिमेला अॅरन बेटांवर आणि कॉनेमारात विसाव्या शतकाच्या सुरुवातीपर्यंत मुलगे दहा-बारा वर्षांचे होईपर्यंत लोकरीचे घागरे घालत. त्याचे फोटो आहेत: दगडी कुंपणापाशी अनवाणी उभी, कॅमेऱ्याकडे रोखून बघणारी घागऱ्यातली पोरं. घरी विणलेलं कापड शिवायला सोपं, हे कारण असेलच. पण लोक सांगत ते कारण वेगळं होतं: पऱ्या मुलगे पळवतात, म्हणून त्यांना मुलगी भासवायचं. तुमच्या सासरी हे ऐकून कुणाला नवल वाटणार नाही. नवसाच्या पोराचं नाक टोचणारे, दृष्ट लागू नये म्हणून त्याला दगडू-धोंडू म्हणणारे आपणच ना? २६ डिसेंबरला डिंगल गावात ‘रेन बॉइज’ची (रेन हा एक चिमुकला पक्षी) मिरवणूक निघते, त्यात गवताच्या पेंढ्यांचे वेष असतात, तसे बायकांचे कपडे घातलेले बापेही असतात. एकोणिसाव्या शतकात जमीनदारांच्या कारभाऱ्यांवर रात्री चालून जाणारे मॉली मॅग्वायर्स हे तर बायकांच्या वेषातले शेतकरी होते. आणि डब्लिनच्या गेट थिएटरचे संस्थापक मिहॉल मॅक लियमॉर. यांची गोष्ट मुलाला जरूर सांगा. तो माणूस भर रस्त्यात चेहऱ्याला रंग लावून, टोप घालून फिरायचा, तोही चर्चचा वचक सगळ्यात जास्त असलेल्या काळात. त्याचा आयुष्याचा जोडीदार हिल्टन एडवर्ड्स हाच थिएटरमधला भागीदार होता, हे सगळ्या शहराला ठाऊक होतं आणि कुणी बोलत नव्हतं. १९७८ मध्ये मॅक लियमॉर गेले तेव्हा राष्ट्रपती पॅट्रिक हिलरी अंत्यविधीला आले आणि जोडीदार गमावलेल्या माणसाचं करतात तसं त्यांनी एडवर्ड्सचं सांत्वन केलं. पुढे कळलं की मॅक लियमॉर जन्माने आयरिश नव्हतेच. लंडनमध्ये जन्मलेला आल्फ्रेड विलमोर, ज्याने आयरिश भाषा शिकून, नाव बदलून स्वतःला आयरिश करून घेतलं, आणि आयर्लंडने ते मान्य केलं. इथे वाढणाऱ्या मराठी मुलाला ही गोष्ट लिपस्टिकपलीकडेही उपयोगी पडेल.

मिस्टरांना मात्र डिंगलपर्यंत जायची गरज नाही. कुडाळचा माणूस दशावतार बघतच मोठा झालेला असतो. जत्रेच्या रात्री देवळाच्या आवारात कलाकार एका ओळीत बसलेले, पुढ्यात पेटी, हातात छोटा आरसा, आणि प्रत्येक जण आपला रंग आपणच लावतोय. स्त्रीपार्ट करणारा भुवई कोरतो, ओठ लाल करतो, लुगडं नेसतो, उजाडेपर्यंत द्रौपदी होतो आणि सकाळी घरी जाऊन गुरांना वैरण घालतो. त्याच्या पुरुषपणाबद्दल गावात कुणी प्रश्न विचारत नाही. मिस्टर म्हणतील, ते रंगभूमीवर, हा रस्त्यावर. बरोबर आहे, फरक आहे, आणि मी तो पुसून टाकत नाही. एवढंच म्हणते की लाल ओठांचा मुलगा बघून ‘हे आपलं नाही’ असं कुणी म्हणावं, तर ते निदान सिंधुदुर्गातल्या माणसाने म्हणू नये. बालगंधर्वांची नेसण बघून पुण्या-मुंबईच्या बायका तशा नेसू लागल्या, हा आपलाच इतिहास आहे. आयरिश राजकारणी लिओ वराडकर तर तुमच्या शेजारच्याच तालुक्यातले म्हणायचे, मालवणातलं वराड हे त्यांच्या वडिलांचं गाव. १८ जानेवारी २०१५ रोजी, वाढदिवसाच्या दिवशी, मंत्री असताना त्यांनी रेडिओवर सांगितलं की मी गे आहे. अडीच वर्षांत ते आयर्लंडचे पंतप्रधान झाले. २०१९ च्या डिसेंबरात वराडला आले तेव्हा गावाने कौतुकाने स्वागत केलं. तुमचा मुलगा त्यांच्यासारखा आहे असं मी म्हणत नाही. गाव काय काय पचवू शकतं, एवढंच सांगतेय.

आता तुमच्या पत्रातला माझ्या मते सगळ्यात महत्त्वाचा प्रश्न: हे लोक हसतात ते कसलं हसतात?

आयरिश माणसं ज्याच्यावर जीव असतो त्याची खेचतात. इथे त्याला स्लॅगिंग म्हणतात, तुम्ही ऑफिसात ऐकलं असेलच. तोंडावर स्तुती करणं त्यांना अवघड जातं, ऐकून घेणं त्याहून अवघड. कुणी जरा नटलं, वेगळं वागलं, पुढे आलं की ‘नोशन्स’ आल्या, म्हणजे स्वतःला फार समजू लागला, म्हणून त्याला चिमटा काढायचा. पण चिमटा काढून झाल्यावर त्याच्यासाठी चहाही टाकायचा. ‘यू आर नॉट द वर्स्ट’ हे बाप मुलाला म्हणतो तेव्हा मुलाला त्यात सगळं ऐकू येतं. माझ्या शाळेत ट्रान्झिशन इयरच्या, म्हणजे पंधरा-सोळा वर्षांच्या मुलांचं संगीत नाटक होतं. मुलांचीच शाळा, तेव्हा बायकांच्या भूमिकाही मुलगेच करायचे. रग्बीच्या संघातला एक दांडगा पोरगा नायिकेची आई झाला होता. तालमीच्या पहिल्या दिवशी तो लिपस्टिक लावून बाहेर आला आणि पोरांनी शिट्ट्यांनी हॉल डोक्यावर घेतला. तो कमरेवर हात ठेवून उभा राहिला, सगळ्यांना बघून घेतलं आणि म्हणाला, ‘जळताय तुम्ही.’ झालं. त्या दिवसापासून त्याला सगळे ‘मॅमी’ म्हणायचे, आणि त्या हाकेत निव्वळ प्रेम होतं. पण त्याच शाळेत दुसरा एक मुलगा होता, ज्याच्या चालण्याची नक्कल रोज होत होती. शब्द तेच, शिट्ट्याही त्याच. करणारे सहा, हा एकटा, आणि याने काहीही उत्तर दिलं तरी त्यावर पुन्हा नक्कल. करणारे म्हणायचे, ‘आम्ही फक्त खेचत होतो.’ इथे छळाला लपायला हे वाक्य फार सोयीचं पडतं.

म्हणून हसण्याचा आवाज ऐकू नका. कोण हसतंय, तुमच्या मुलाला उत्तर द्यायला जागा आहे का, ‘पुरे’ म्हटल्यावर थांबतात का, आणि दुसऱ्या दिवशी खेळायला बोलावतात का, ते बघा. शेजारच्या आजोबांना लावून पाहा. ते त्याला ओळखतात, तोंडावर बोलले, एकट्याने बोलले, तो हसला, आणि मला खात्री आहे की पुढच्या शनिवारी स्पॅनर धरायला त्यालाच बोलावतील. ही मायाच आहे. उलट त्यांनी काही न बघितल्यासारखं करून दार लावून घेतलं असतं, तर मला काळजी वाटली असती.

कोचचं वाक्य त्याहून सुंदर आहे. तुम्ही ते तुटक म्हणून ऐकलंत. मला त्यात ऐकू आलं ते असं: डाग दिसला, त्याची चर्चा करणार नाही, तू संघात आहेस, आणि आजच्या सामन्यात समोरच्या संघातल्या एका खेळाडूला अडवायचं काम तुझ्यावर सोपवलंय. बारा वर्षांच्या मुलाला एका दमात याहून जास्त काय द्यायचं? तरीही एक सांगते. आयरिश माणसाचं न बोलणं दर वेळी इतकं उदार नसतं. याच न बोलण्याने या देशाने मुलांच्या संस्थांमधला छळ कित्येक दशकं झाकून ठेवला, २००९ च्या रायन अहवालात ते सगळं बाहेर आलं. तेव्हा कोचच्या मौनावर विसंबून राहू नका. सामना संपल्यावर गाठा आणि सरळ विचारा: ‘त्याला संघात कुणी त्रास देत नाही ना?’ प्रश्न नीट विचारला तर उत्तर नीट मिळतं, हा माझा इथला अनुभव आहे. प्रत्येक क्लबात मुलांसाठी नेमलेला चिल्ड्रन्स ऑफिसर असतो, तो कोण आहे तेही विचारून ठेवा.

बसस्टॉपवरची पोरं मात्र वेगळी. अनोळखी, वयाने मोठी, घोळक्यात, हातात मोबाइल. त्यात खेचणं नाही, ती गुंडगिरी आहे आणि मुलासमोर तिला तेच नाव द्या. ‘दुर्लक्ष कर’ एवढ्यावर सोडू नका. दोन दिवस तो गप्प होता, त्या दोन दिवसांत त्याच्या मनात काय चाललं असेल ते ओळखीचं आहे. मेयो परगण्यातल्या बॅलिनरोबचे रोरी ओनील, पँटी ब्लिस या नावाने स्त्रीवेषात रंगमंचावर येणारे कलाकार, १ फेब्रुवारी २०१४ च्या रात्री डब्लिनच्या अॅबी थिएटरच्या रंगमंचावरून याच्याबद्दल बोलले होते. रस्ता ओलांडायला उभं असताना धावत्या गाडीतून शिवी येते, आणि मग माणूस शिवी देणाऱ्याला सोडून स्वतःलाच तपासत बसतो, आपलं काय चुकलं, कशावरून यांनी ओळखलं. तुमच्या मुलाला अशी झडती स्वतःची घेऊ देऊ नका. त्याला सांगा, चूक त्यांची आहे, आणि तू आम्हाला सांगितलंस ते फार चांगलं केलंस.

आणि तुमच्या भीतीला दुसरंही एक कारण आहे, जे तुम्ही लिहिलं नाहीत. २०२५ च्या उन्हाळ्यात डब्लिनमध्ये आणि इतरत्र भारतीयांवर हल्ले झाले, भारतीय दूतावासाला सावध राहण्याची सूचना काढावी लागली. सावळा मुलगा आणि लाल ओठ, दोन्ही बघून हात उगारणारा कुणी असू शकतो. ते नाकारून मी तुम्हाला धीर देणार नाही. म्हणून कुठे लावायची आणि कुठे नाही हे त्याच्याशी बसून ठरवा: घरी हवी तेव्हा, मैत्रिणीच्या वाढदिवसाला चालेल, संध्याकाळी एकट्याने बसने जाताना नको. हे सांगताना ‘लोक काय म्हणतील’ हा सूर अजिबात नको. रात्री सायकलला दिवा लावायला सांगतो त्या सुरात सांगा. धमकी किंवा धक्काबुक्की झाली तर गार्डा, म्हणजे इथल्या पोलीस स्टेशनवर तक्रार करा. द्वेषातून केलेल्या गुन्ह्याला जास्त शिक्षा देणारा कायदा इथे २०२४ च्या अखेरीपासून लागू आहे, आणि वर्णाबरोबर त्यात लिंगभावाची अभिव्यक्तीही येते.

सप्टेंबरच्या शाळेसाठी आतापासून हालचाल करा. ‘बी किनॉल्टा’ या नावाची शिक्षण खात्याची छळविरोधी नियमावली सगळ्या शाळांना बंधनकारक आहे, तिची शाळेची प्रत मागून घ्या आणि वाचा. इयर हेडना, म्हणजे त्या इयत्तेच्या प्रमुख शिक्षकांना, मे महिन्यात भेटा. लिपस्टिकची कैफियत मांडायला नव्हे. मुलाला नाटक आवडतं, हर्लिंग आवडतं, आणि एकदा रस्त्यात त्रास झालाय, एवढंच सांगा. तिथे गणवेषाचे नियम असतील आणि वर्गात लिपस्टिक चालणार नाही, ते त्याला स्पष्ट सांगा. मुलींच्या शाळांतही हेच ऐकावं लागतं. त्याला बाहेरच्या कुणाशी बोलावंसं वाटलं तर चाइल्डलाइन ही मुलांची हेल्पलाइन फुकट आहे, कोणत्याही वेळी. आणि दोन-तीन वर्षांनी त्याला स्वतःबद्दल काही उमगलं, तर चौदा वर्षांपुढच्या गे, लेस्बियन, ट्रान्स मुलांसाठी डब्लिनमध्ये ‘बिलाँग टू’ ही संस्था २००३ पासून काम करतेय. आत्ता नाव फक्त तुमच्या लक्षात असू द्या.

आता मिस्टर. हा भाग त्यांना वाचायला द्या.

भाऊ, तुम्ही लिपस्टिक कचऱ्यात टाकलीत कारण तुम्हाला डोळ्यांसमोर पोराला पडणारा मार दिसला. बापाला तो दिसतोच. पण त्या दिवशी घरात पहिला घाव तुमच्याकडून बसला. बसस्टॉपवरच्या पोरांची शिवी तो महिन्याभरात विसरेल. कचऱ्याच्या डब्याचं झाकण उघडणारा तुमचा हात विसरायला त्याला फार वेळ लागेल. तुम्ही त्याच्याशी बोला. समोर बसवून नको, तुम्हा दोघांनाही ते जड जाईल. क्लबवर सोडायला जाताना गाडीत बोला, दोघांची नजर रस्त्यावर असते तेव्हा पुरुषांना बोलणं सोपं जातं, कुडाळचे असोत की कॉर्कचे. सांगायचं थोडंच आहे: ‘मी घाबरलो होतो म्हणून चिडलो. तसं करायला नको होतं. तुला कुणी त्रास दिला तर पहिला फोन मला कर.’ त्याच्या ओठांबद्दल एक अक्षर बोलू नका. आणि मग थांबून त्याचा सामना बघा. हर्लिंगच्या मैदानावर पावसात उभे राहून बोंबलणारे बाप या देशातल्या मुलांना किती हवे असतात, ते मी शाळेत रोज बघितलंय.

पुण्याला परतायचा विचार असेल तर तो नोकरीसाठी, आई-वडिलांसाठी करा. लिपस्टिकपासून पळण्यासाठी नको. पुण्यातही बसस्टॉप आहेत.

ताई, तुम्ही त्याला त्याची स्वतःची लिपस्टिक घेऊन द्या. तुमची चोरून वापरण्यात जी धाकधूक आहे तीच मुलाला पोखरते. फार्मसीतून चांगली घ्या, मैत्रिणींना वापरायला देऊ नकोस हे बजावा, कारण तोंडावरचे ताप-फोड त्यातून पसरतात. झोपताना खोबरेल तेल लावून कापसाने पुसायला शिकवा, नाहीतर इथल्या वाऱ्यात ओठ फुटतील. तुमच्या घरी मांसाहार वर्ज्य असेल तर डब्यामागे ‘कारमाइन’ लिहिलंय का बघा, तो लाल रंग किड्यांपासून काढतात. आणि हेल्मेट घालायच्या आधी पुसायची, कोच म्हणाला तशी.

राहिले सासू-सासरे. त्यांना आधीपासून काही जाहीर करू नका, विमानातून उतरल्यावर सभाही घेऊ नका. मुलाला विचारा, आजी-आजोबांसमोर तुला लावायची आहे का? नाही म्हणाला तर विषय संपला. हो म्हणाला तर आदल्या दिवशी मिस्टरांनीच आईला फोन करून सांगावं, सुनेने नाही: ‘तो घरात कधी कधी लिपस्टिक लावतो, आम्हाला माहीत आहे, त्याला त्यावरून कुणी बोलायचं नाही.’ स्वतःच्या मुलाने सांगितलं की सासूबाई ऐकतील. सासऱ्यांना वेगळं काम द्या. त्यांच्या तरुणपणी गावच्या जत्रेत स्त्रीपार्ट कोण करायचं, कुणाची द्रौपदी बघायला लोक लांबून चालत यायचे, हे नातवाला सांगायला लावा. त्यांच्याकडे सांगण्यासारखं भरपूर असेल, आणि नातू ऐकायला बसेल.